नवव्या नावानंतर

हॅदरशॉच्या वाचनालयाच्या तळघरात
माझं टेबल, एक हीटर आणि एकशे चौदा कॅसेटी.
काम साधं आहे: ऐकायचं, उतरवायचं,
कुणी रडलं तर कंसात तसं लिहायचं.

विषय एकच. एकसष्टचा नोव्हेंबर,
डोंगरावरचा बांध फुटला ती रात्र.

एनिड ॲक्रॉइड, कॅसेट सात, साल एकोणऐंशी:
"भोंगा? छे, मी गाढ झोपलेली.
वाजला म्हणून सकाळी आईनं सांगितलं."
एनिड ॲक्रॉइड, कॅसेट एकाहत्तर, साल शहाण्णव:
"तीनदा वाजला. अजून कानात आहे."
बाई खोटं बोलत नाही.
सतरा वर्षं गाव तो तिच्या कानाशी वाजवत राहिलं,
एवढंच.

टॉर्डॉफ म्हणतो, वाजलाच नाही,
पहारेकरी पिऊन पडला होता.
पहारेकऱ्याचा नातू म्हणतो, पाणी आधी भोंग्यातच शिरलं.
फजलदादचा मुलगा म्हणतो, वाजवला तो माझ्या बापानं.
रात्रपाळीला होता, दोरी ओढून तळहात सोलले,
ते हात मी पाहिलेत.
कुठल्या रात्री सोलले, हे मी विचारलं नाही.
पूर ओसरला तीन दिवसांत.
पाणी मुरतंय अजून.

चॅपलसमोरच्या दगडावर नऊ नावं आहेत.
मशिदीतले म्हातारे दहा मोजतात.

बॉबिन स्ट्रीट, घर नंबर सात, तळमजला:
एका खाटेवर दोघं झोपायचे, पाळीपाळीनं.
एक उठून गिरणीत गेला
की दुसरा त्याच्याच उबेत शिरायचा.
त्या रात्री जो उबेत होता
त्याला मीरपूरहून येऊन तीन आठवडे झाले होते.
घरमालकिणीच्या वहीत मी शोधलं त्याला:
"मागची खोली, डावी खाट, पंधरा शिलिंग."
त्यावर काट. पैसे आले की माणूस गेला, कळत नाही.

आमच्याकडे एक अमावास्या असते,
ज्यांची तिथी हरवली त्यांच्यासाठी.
इथं तिथी धडधडीत आहे,
माणूस हरवलाय.
त्याच्या नावानं पाणी तरी कसं सोडायचं?
आणि पाणीच सोडायचं?

दर वर्षी पाद्री नऊ नावं वाचतो
आणि थांबतो.
असं का, याचा ठराव कुठंच नाही; मी कागदपत्रं चाळली.
एक जण म्हणतो, त्र्याऐंशी साली पाद्रीला खोकला आला होता,
पुढच्या पाद्रीला वाटलं, तशी रीतच आहे.
युक्रेनहून आलेल्या ओक्साना आजी ठामपणे सांगतात,
ते बेकरीवाल्याच्या कुत्र्यासाठी.
म्हातारे काही बोलत नाहीत.
त्या थांबण्यात ते फक्त मान खाली घालतात,
इतरांपेक्षा थोडी जास्त.

परवा मुलीनं शाळेची वही दाखवली.
वर लिहिलेलं: आमचा पूर.
आमचा!
पुरानंतर पन्नास वर्षांनी जन्मलेली,
आईबाप परभणीचे.
खाली निळी गिचमीड, गिरणीची चिमणी,
दोरी ओढणारा माणूस,
त्याच्या तळहातांना लाल खडू.
एका खिडकीत खाट. खाटेवर कुणीच नाही.
"मिस म्हणाल्या, ते थांबणं आपल्या सगळ्यांसाठी असतं."
सगळ्यांसाठी!
म्हणजे त्याच्यासाठी नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं.
मी वहीवर सही केली.

आज दगडापाशी भुरभुर पाऊस,
भोंगा वाजला, स्पीकरवरून, तीनदा.
एनिडबाई चाकांच्या खुर्चीत डोळे मिटून.
नावं सुरू झाली तशी मुलीचा अंगठा
बोटांच्या पेरांवरून सरकू लागला,
मी शिकवलेला हिशेब, करंगळीपासून.
नववं नाव.
अंगठा पुढच्या पेरावर गेला
आणि तिथंच राहिला, दाबून.

पाद्री खोकला.
या खेपेला बहुधा खरंच सर्दी होती.